लॅपटॉप आधी उलटा करून बघा

सर, तुम्ही चोपड्याहून विचारलंय की मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय, हातात ७५ हजार आहेत, फार ताणलं तर ८०, आणि नवीन निघालेल्या लॅपटॉपांपैकी तीन तुम्ही बाजूला काढलेत. पहिला सव्वा किलोचा, ओएलईडी पडद्याचा, स्नॅपड्रॅगन चिपचा. मुलीचं मन त्यावर बसलंय. दुसरा सव्वादोन किलोचा गेमिंगवाला, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड असलेला. तो भाच्यानं सुचवलाय. तिसरा चौदा इंची, करडा, साधा. दुकानदारानं दाखवला आणि घरात कोणालाच आवडला नाही. डिझाइन बघावं की फीचर, हा तुमचा प्रश्न. शिवाय कीबोर्डवर सिलिकॉनचं कव्हर घालावं का, हेही विचारलंय.

मी जळगावात १९ वर्षं लॅपटॉप उघडतोय. विकत नाही, उघडतो. त्यामुळे माझी नजर जरा वाकडी आहे हे आधीच सांगतो. नवा लॅपटॉप दिसला की मला तो चौथ्या वर्षी माझ्या टेबलावर कसा येईल ते दिसतं. त्या नजरेनं निकाल आधी देतो: तिसरा घ्या, दोन गोष्टी तपासून. कोणत्या, ते ओघात येईलच.

डिझाइन आणि फीचर या वेगळ्या गोष्टी आहेत असं समजूनच बहुतेक लोक फसतात. दुकानात आपण बघतो ते वरचं झाकण, रंग, पडद्याची कड किती बारीक. खरं डिझाइन तळाशी असतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आयाळीवर हात फिरवतो खरा, पण सौदा करतो तो खूर उचलून बघितल्यावर. लॅपटॉप हातात आला की बंद करा, उलटा करा आणि खिडकीपाशी न्या.

तळाला हवा आत घ्यायच्या जाळ्या असतात. त्या किती लांब-रुंद आहेत ते बघा. मग आतून उजेड आरपार दिसतो का बघा. काही मॉडेलांत बाहेरून जाळी अख्ख्या तळभर दिसते, पण आतून निम्मी प्लास्टिकनं बुजवलेली असते, केवळ दिखाव्याला. मग रबरी पाय बघा. दोन-तीन मिलिमीटर उंच असतील तर हवा आत शिरेल. पाय चपटे असतील तर टेबलावर ठेवूनही लॅपटॉपचा श्वास कोंडणार. गरम हवा कुठून बाहेर पडते तेही बघा. बाजूनं किंवा मागून सरळ बाहेर जात असेल तर उत्तम. बारीक मॉडेलांत ती बिजागरीच्या फटीतून निघून पडद्याच्या खालच्या कडेवर आदळते. तिथली प्लास्टिकची पट्टी वाकलेले लॅपटॉप मी पाहिलेत.

एवढं हवेवर का बोलतोय? कारण आपण खान्देशात राहतो. यूट्यूबवर परीक्षण करणारा एसी लावून २४ अंशांत बसतो. त्याच्या मापात चिप ८० अंशांवर थांबते आणि तो म्हणतो, कूलिंग झकास. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४० तरी. लॅपटॉपमधला पंखा गारवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा चिपवरच्या तांब्याच्या नळ्यांपुढून फिरवतो. म्हणजे खोली १६ अंशांनी जास्त तापलेली असेल, तर चिपही साधारण तेवढीच वर जाते. ८० चे ९६ झाले. बऱ्याच चिपांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या मध्ये असते. ती गाठली की चिप जळत नाही, स्वतःच वेग उतरवते. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, "भाऊ, भलता तापस, आनि हयूहयू चालस." त्याचा लॅपटॉप बिघडलेला नसतो, उन्हात कामाला लावलेल्या माणसासारखा दम खात असतो.

कंपन्या हे लपवत नाहीत, आपण वाचत नाही एवढंच. मॅकबुक एअरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान १० ते ३५ अंश लिहिलेलं आहे, बंद ठेवण्याचं ४५ पर्यंत. विंडोजवाल्या मोठ्या कंपन्यांच्या कागदांवरही वरचा आकडा बहुतेक ३५च असतो. भुसावळला मे महिन्यात ३५ अंश बघायचे तर रात्री जेवणं होईपर्यंत थांबावं लागतं. मुलगी पुण्यात राहणार हे खरं, पण उन्हाळ्याच्या सुटीत प्रोजेक्ट घेऊन ती चोपड्यालाच येणार ना?

मॅकबुक एअरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. २०२०च्या एम १ चिपपासून त्यात पंखाच नाही. लिहिणं, वाचणं, ब्राउझर, कोडिंग यांना तो उत्तम आणि आवाज शून्य. पण अर्धा तास सलग जोर लावला की पुण्यातही वेग उतरतो, आपल्याकडे तर दहा मिनिटांत. तुमच्या बजेटात तो बसत नाही, म्हणून पुढे जातो.

आता धूळ. कपाशीचा हंगाम संपला की फेब्रुवारी-मार्चात माझ्याकडे जिनिंगवाल्यांचे लॅपटॉप येतात. यंदा एक आला, वजनकाट्यावरचा. पंखा फिरत होता, आवाज होता, पण बाजूच्या जाळीतून हवा म्हणून येत नव्हती. तळ उघडला, पंखा काढला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मध्ये रुईचा थर बसून बसून त्याचा जाड कापडासारखा तुकडा झालेला. चिमट्यानं एका टोकाला धरून ओढला, तो अख्खा निघाला, बोटभर लांब, पंख्याच्या तोंडाच्याच आकाराचा. ज्यांच्याकडे जिनिंग नाही त्यांच्याकडे हेच काम धूळ, केस आणि गोधडीचे तंतू करतात, फक्त जास्त वेळ घेऊन. थर काढला, चिपवरची जुनी कडक झालेली पेस्ट पुसून नवी लावली, चिप ९८ वरून ७९ वर आली. खर्च काही शे रुपये.

मुद्दा असा की हे काम मला वीस मिनिटांत करता आलं, कारण त्या लॅपटॉपचा तळ साध्या स्क्रूंनी बसवलेला होता आणि पंखा वरच होता. काही नव्या बारीक मॉडेलांत पंख्यापर्यंत पोचायला आधी बॅटरी, मग बोर्ड, मग स्पीकर काढावे लागतात. काहींत स्क्रू रबरी पायाखाली चिकटवलेले असतात. पाय उपटला की पुन्हा नीट बसत नाही. म्हणून लॅपटॉप उलटा धरलाच आहे तर स्क्रू मोजा. सगळे उघड्यावर, साधे चौफुली स्क्रू असतील तर त्या डिझाइन करणाऱ्यानं दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केलाय असं समजा. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं नाव टाकून तळ उघडल्याचा व्हिडिओ बघा. पंखा, रॅम (कामाची मेमरी), एसएसडी (फाइलींची साठवण) कुठे आहेत ते दोन मिनिटांत कळतं. परीक्षणाच्या दहा व्हिडिओंपेक्षा तो एक मोलाचा.

जाता जाता, कूलर. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे आणि मुलं लॅपटॉप घेऊन नेमकी त्याच्या तोंडाशी बसतात. हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, ते जाळीतून आत जातात. बोअरचं जड पाणी असेल तर बोर्डावर पांढरा क्षार धरतो, आणि चार्जिंगच्या भागातल्या बारीक चिपा आधी जातात. कूलर खोलीत असू दे, लॅपटॉप त्याच्या सरळ झोतात नको.

बिजागरी हा दुसरा मोठा विषय. आमच्या धंद्यात सगळे हिंजच म्हणतात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या मॉडेलांत हिंज लोखंडी असतो, पण तो ज्या पितळी नटांत कसलेला असतो ते नट प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेले असतात. हिंज घट्ट, प्लास्टिक पातळ. रोज एका कोपऱ्याला धरून पडदा उघडला की दोन-अडीच वर्षांत नटांभोवतीचं प्लास्टिक फाटतं, मग झाकण उघडताना खालची कड फाकते, आणि एक दिवस पडद्याची वायर तुटते. मी तिथे एपॉक्सी भरून देतो, पण ते तात्पुरतंच. दुकानात बघायचं असं: पडदा मधोमध धरून एका बोटानं उघडा. खालचा भाग उचलला न जाता उघडला तर हिंज नीट जुळवलेला. मग पडद्याचा एकच कोपरा धरून हळूच पुढेमागे करा. दुसरा कोपरा लगेच बरोबर आला तर झाकण कडक आहे. मागून डुलत आला तर नाही. खोक्यावर अमेरिकी लष्कराच्या ८१०एच मानकाचं नाव असेल तर भुलू नका. ती चाचण्यांची पद्धत आहे, कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनीच निवडते. तेवढ्यावर हिंजची हमी मिळत नाही.

आता रॅम, इथे माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी एक अतिशय देखणा, बारीक लॅपटॉप घेतला होता. कंपनीचं नाव राहू द्या. रॅम ८ जीबी, बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली. रोज हेच काम करणारा माणूस, तरी झाकणावर भाळलो. दोन वर्षांत ८ जीबी अपुरी पडायला लागली, वाढवायला जागा नाही. तिसऱ्या वर्षी त्याच रॅमची एक चिप गेली. सेवा केंद्रानं अख्खा बोर्ड बदलायला ३८ हजार सांगितले. रॅमची कांडी काढ-घाल करायचा स्लॉट असता तर त्या वेळी अडीच हजारात काम झालं असतं. तो लॅपटॉप आजही माझ्या फळीवर आहे, त्याचा पडदा मी टेस्टिंगला वापरतो.

सोल्डर केलेल्या रॅमचा फायदा नाही असं नाही. ती वेगवान असते, वीज कमी खाते, बॅटरी जास्त पुरते. इंटेलनं सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम चिपच्याच पॅकेजवर बसवली, १६ किंवा ३२ जीबी, बस्स. बॅटरीच्या हिशोबानं त्या चिपा फार चांगल्या आहेत. पण मग विकत घेतानाच पुढच्या पाच वर्षांचा आकडा ठरवावा लागतो. मुलीच्या अभ्यासाला आज १६ पुरेल, तिसऱ्या-चौथ्या वर्षी व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझरची चाळीस पानं एकदम उघडली की ३२ हवी वाटेल. आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की "पुढे बघू" हे आता स्वस्तात होत नाही. तरी स्लॉट असला की निर्णय आपल्या हातात राहतो. तिसऱ्या लॅपटॉपबद्दल तपासायची पहिली गोष्ट हीच: एक तरी रॅमचा स्लॉट आहे का, आणि १६ जीबी एकाच कांडीत आहे की दोन आठ-आठच्या. दोन असतील तर वेग बरा मिळतो, विशेषतः चिपमधल्याच ग्राफिक्सला. एक असेल तर वाढवायला जागा मोकळी राहते. दोन्ही चालेल, माहीत असलं म्हणजे झालं.

चिपांच्या नावांबद्दल मात्र चिडूनच लिहितो. पूर्वी आय ३, आय ५, आय ७ आणि पुढे पिढी, एवढं शेतकऱ्यालाही पाठ झालं होतं. डिसेंबर २०२३ पासून कोअर अल्ट्रा आलं आणि आय हळूहळू गेलं. पण अल्ट्रा नसलेलं कोअर ५, कोअर ७ हेही नवीन नाव निघालं, आणि त्यातल्या १२०यू, १५०यू, २१०एच अशा चिपांची घडण बरीचशी जुन्या १३व्या पिढीचीच आहे. एएमडीचं तर आणखी गमतीचं. ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, घडण सांगतो तिसरा आकडा. रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, २०१९ची घडण. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. दुकानात दोन्हींवर "रायझन ५, ७००० सीरिज" असंच लिहिलेलं. एकात चार कोअर, दुसऱ्यात सहा. जुनी घडण वाईट नसते, जुन्या भावात मिळाली तर माझी काहीच तक्रार नाही. नव्याच्या भावात विकू नका एवढंच म्हणणं. नावाच्या शेवटचं अक्षरही बघा: यू म्हणजे कमी वीज, कमी ताप, एच म्हणजे जोर जास्त आणि तापही जास्त. आपल्या हवेत, बारीक डब्यात एच चिप म्हणजे पत्र्याच्या टपरीत भट्टी.

तिन्हींच्या जाहिरातींत एआय पीसी लिहिलंय, त्यावर फार वेळ घालवत नाही. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस या शिक्क्यासाठी अट घातली: एनपीयू (एआयची गणितं करणारा चिपचा भाग) सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा, रॅम १६ जीबी, साठवण २५६ जीबी. त्या अटीचा खरा फायदा हा झाला की ८ जीबीचे लॅपटॉप वरच्या वर्गातून हद्दपार झाले. एनपीयूवर आज तुमची मुलगी जे चालवेल ते म्हणजे व्हिडिओ कॉलमधली मागची भिंत धूसर करणं. अभ्यासातलं मशीन लर्निंग त्यावर शिकवत नाहीत. चांगली चिप घेतली की एनपीयू आपोआप येतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

पहिला लॅपटॉप, स्नॅपड्रॅगनचा. मुलीची निवड वाईट नाही हे तिला सांगा. बॅटरी खरोखर दिवसभर पुरते, चार्जर काढला तरी वेग पडत नाही, तापतोही कमी. अडचण वेगळी आहे. ही चिप एआरएम घडणीची. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअरं विंडोज भाषांतर करून त्यावर चालवतं, आणि बरी चालवतं. पण ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं, भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठी बनलेलाच लागतो. जळगावातले एक टॅक्स सल्लागार असाच लॅपटॉप घेऊन आले होते; डिजिटल सहीचा यूएसबी टोकन काही केल्या ओळखेना. लॅपटॉप नवा कोरा, टोकनही चांगला, ड्रायव्हरच नव्हता. जुना प्रिंटर, प्रयोगशाळेतलं एखादं यूएसबी किट, यांचं हेच होतं. आणि कॉलेजात सर तयार व्हर्च्युअल मशीनची फाइल देतात, ती इंटेल-एएमडीसाठी केलेली असते. एआरएमवर ती कामाच्या वेगानं चालत नाही. यावर मार्ग असतात, पण पहिल्या वर्षाच्या मुलीनं अभ्यास करायचा की मार्ग शोधायचे? बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलीसाठी विचारलं असतंत तर मी हाच घ्या म्हटलं असतं.

दुसरा, भाच्याचा. आरटीएक्स ४०५० हे नुसतं नाव आहे. एनव्हिडियाच्याच कागदावर त्याला ३५ ते ११५ वॉट अशी वीज द्यायची मुभा आहे, आणि किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत तिपटीचा फरक, विजेचा तरी. हा आकडा झाकणावर नसतो, माहितीपत्रकाच्या आत "टीजीपी" म्हणून शोधावा लागतो. मुलीला गेम खेळायचे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं हे खरं, त्यातलं बरंचसं काम कूडा या एनव्हिडियाच्याच प्रणालीवर चालतं. पण त्याची गरज तिसऱ्या वर्षी लागेल, आणि सुरुवातीच्या प्रयोगांना गूगल कोलॅब ही ऑनलाइन सेवा फुकट जीपीयू (ग्राफिक्सची चिप) देते. ६ जीबीच्या कार्डावर मोठं मॉडेल तसंही बसत नाही. त्या बदल्यात सव्वादोन किलो, वर पाऊण किलोचा चार्जर, तीन-चार तासांची बॅटरी, आणि होस्टेलच्या खोलीत रात्री पंख्याचा घोंगाट. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरला प्रवेश असता, थ्रीडी मॉडेलिंग रोजचं असतं, तर मी भाच्याच्या बाजूनं बोललो असतो.

पडद्याचं बोलू. ओएलईडीचे रंग बघून कोणीही भुलेल, मीही. तो चकचकीत असतो, मागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर आपलंच तोंड दिसतं, आणि फुटला तर बदलायचा खर्च साध्या पडद्याच्या कितीतरी पट. साधा मॅट आयपीएस चालेल, पण त्यातही भेद आहे. माहितीपत्रकात "४५% एनटीएससी" (रंगांचं माप) आणि "२५० निट" (उजेडाचं माप) दिसलं तर तो सर्वांत स्वस्त पडदा. दुकानातली परीक्षा सोपी: तुमच्या मोबाइलमध्ये लाल मिरच्यांचा फोटो ठेवा, तोच लॅपटॉपवर उघडा, दोन्ही शेजारी धरा. लॅपटॉपवर मिरची विटेसारखी दिसली की समजायचं. ३०० निट तरी घ्या. उंची १६:१० ची असेल तर आणखी बरं. १९२० बाय १२०० मध्ये जुन्या पडद्यापेक्षा १२० ओळी जास्त, कोड लिहिणाऱ्याला त्या कळतात.

धातूच्या बॉडीबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. चार्जिंगला लावल्यावर मनगटाला झिणझिण्या येतात, हात फिरवला की खरखरीत लागतं. लोक घाबरून माझ्याकडे येतात. चार्जरमधल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह बाहेरच्या भागावर येतो, अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. आपल्याकडे कितीतरी घरांत तीन पिनचं सॉकेट आहे आणि मागे अर्थिंगची वायरच नाही, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला. लॅपटॉप परत करायच्या आधी खड्ड्यात चार बादल्या पाणी टाका आणि वायरमनला दाखवा. चार्जर मात्र तीन पिनचाच वापरा, दोन पिनची अडाप्टर लावू नका.

चार्जिंग टाइप सी वर होत असेल तर होस्टेलात मोठी सोय, मैत्रिणीचा ६५ वॉटचा चार्जर चालतो. पण सगळे टाइप सी पोर्ट चार्ज करत नाहीत. दुकानात लावूनच बघा. असे दोन पोर्ट असतील तर आणखी चांगलं, कारण हा पोर्ट थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि वायर ओढली गेली की हलतो. एक गेला तर दुसऱ्यावर काम चालतं. बॅटरी ५० वॉट-अवरच्या वर बघा, आणि पहिल्याच दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. गरम खोलीत १०० टक्के भरलेली बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते. लॅपटॉप सपाट ओट्यावर ठेवला आणि डुगडुगला, किंवा टचपॅड वर आला, तर बॅटरी फुगलीय. त्या दिवसापासून वापर बंद.

घाई असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर नवीन निघालेलाच घ्यायचा हट्ट सोडा. जानेवारीत लास वेगासला आणि मे-जूनमध्ये तैपेईला मॉडेलं जाहीर होतात, आपल्या दुकानांत यायला पुढे काही महिने जातात. ती आली की मागच्या वर्षीचं तेच मॉडेल, फक्त चिप एक पाऊल मागची, उतरत्या भावात मिळतं. त्याच्या एव्हाना तक्रारीही कळलेल्या असतात.

तिसऱ्याबद्दल तपासायची दुसरी गोष्ट म्हणजे वॉरंटी. "ऑनसाइट" लिहिलेलं असलं तरी कंपनीच्या साइटवर तुमचा पिनकोड टाकून बघा. तालुक्याच्या गावाला कधीकधी ऑनसाइटचा अर्थ "कुरिअरनं पाठवा" असा निघतो. मुलगी पुण्यात राहणार म्हणून तिथलाही पिनकोड टाका. अपघाती नुकसानीची जोड सुरुवातीलाच घेता येते, नंतर बहुतेक कंपन्या देत नाहीत. होस्टेलात चहा सांडतोच, तेवढे दोन-तीन हजार मी खर्च करीन. त्यापेक्षा लांब वॉरंटीवर फार उडवू नका.

तर तिसरा: साडेतेरा-चौदाशे ग्रॅम, यू चिप, १६ जीबी, रॅमचा स्लॉट (तो तपासायचाच आहे), मॅट पडदा, तळाला दहा साधे स्क्रू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जाळ्या खऱ्या दिसतायत आणि पायही उंच. रंग करडा आहे म्हणून मुलगी नाराज आहे, तर तिला झाकणावर हवं ते स्टिकर लावू द्या. फक्त तळाच्या जाळीवर नको, एका पोरीनं तिथे फुलपाखरं लावली होती.

कीबोर्डचं कव्हर घालू नका. काही लॅपटॉप कळांच्या फटींतूनही थोडी हवा घेतात, ती अडते. आणि आता झाकण आणि कळा यांतलं अंतर इतकं कमी झालंय की कव्हर तसंच ठेवून लॅपटॉप मिटला तर पडद्यावर त्याचे चौकोनी ठसे उमटतात, जोरात दाबला तर काच तडकते. धुळीसाठी दर रविवारी दीड इंची कोरा पेंटिंग ब्रश फिरवा, लॅपटॉप बंद करून, तिरका धरून.